उन्हाळी लॅब इंटर्नशिप: या चुका टाळा

मे महिना लागला की आमच्या लॅबच्या दाराशी तीन-चार नवे चेहरे उभे असतात. कोरा करकरीत ॲप्रन, पाठीवर सॅक आणि दोन महिन्यांत पेपर छापून आणायची घाई. साधं गणित मांडू. आठ आठवडे म्हणजे कामाचे दिवस चाळीस. पहिले पाच ओळखपत्र, सेफ्टीचं ट्रेनिंग आणि कोणत्या फ्रीजमध्ये काय ठेवलंय हे कळण्यात जातात, शेवटचे पाच रिपोर्टात. उरले तीस. या तिसातले निम्मे कसे वाया जातात ते मी दर उन्हाळ्यात बघते. हुशारी कमी पडली म्हणून वाया गेलेले फार थोडे. बहुतेक वेळा चूक तासाभरात निस्तरली असती, पण ती सांगायला चार दिवस लागलेले असतात.

अर्जाच्या वेळी

पहिली चूक एप्रिलमध्ये जागं होण्याची. बंगळुरूची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस इतर दोन अकादम्यांसोबत जी समर रिसर्च फेलोशिप देते, तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच मागवले जातात. एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, १९७९ पासून चालत आलेली. तिथे आधी गाइड शोधायचा, त्याच्यासोबत प्रपोजल लिहायचं, मग मंजुरी, मग दोन महिन्यांचं काम आणि शेवटी रिपोर्ट. रिपोर्ट मान्य झाल्यावरच पैसे आणि प्रमाणपत्र. रिपोर्ट लिहायचा कंटाळा करून दोन्हीवर पाणी सोडणारी मुलं मी पाहिली आहेत.

दुसरी चूक मेलची. एकच मजकूर चाळीस जणांना, तोही सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असा. एका मुलाने आमच्या मॅडमना ‘रिस्पेक्टेड सर’ असं लिहून वर ‘तुमच्या कॅन्सरवरच्या कामाने प्रेरित झालो’ म्हटलं होतं. मॅडम क्षयरोगावर काम करतात. पुण्यातली एनसीसीएस (पेशीविज्ञान) आणि एनआयव्ही (विषाणू), परळची एनआयआरआरसीएच (प्रजनन आणि बालआरोग्य), खारघरचं ॲक्ट्रेक (कॅन्सर) या संशोधन संस्थांच्या वेबसाइटवर कोण कशावर काम करतं ते लिहिलेलं असतं. एक पेपर निदान गोषवाऱ्यापुरता वाचा आणि पाच ओळींचा मेल करा: मी कोण, कोणत्या वर्षाला, कोणत्या तारखांना मोकळी, तुमच्या कामातली कोणती गोष्ट शिकायची आहे, बायोडेटा सोबत जोडला आहे. आठ-दहा दिवस उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या. एकदाच.

एक गोष्ट कोणीच वेळेवर सांगत नाही. रक्ताच्या नमुन्यांवर काम करायचं असेल तर हिपॅटायटिस बी ची लस हवी. तिचे डोस आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. म्हणजे मे मध्ये लॅबमध्ये पाय ठेवायचा तर पहिला डोस नोव्हेंबरात.

पेशंटचे नमुने किंवा केसपेपर लागणार असतील तर एथिक्स कमिटीची परवानगीही आधीच लागते. कमिटी तुमची सुट्टी बघून बसत नाही. त्यामुळे गाइडला पहिला प्रश्न हाच विचारायचा: ‘सर, याला मंजुरी आहे का, की घ्यायची आहे?’ घ्यायची असेल तर त्या उन्हाळ्यापुरता दुसरा विषय मागून घ्या.

टेबलावर

पिपेट म्हणजे थोडासा द्रव मोजून घ्यायचं दट्ट्याचं साधन, तिला दोन थांबे असतात. द्रव घेताना पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखा हात घेतानाच दुसऱ्यापर्यंत दाबतो, जास्त द्रव ओढतो आणि मग ‘रिझल्ट येत नाहीत’ म्हणतो. पहिल्याच दिवशी एक खेळ करा: वजनकाट्यावर छोटी ट्यूब ठेवून काटा शून्य करा आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाका. प्रत्येक वेळी वजन ०.१ ग्रॅमने वाढलं पाहिजे. आकडे नाचत असतील तर एक तर हात कच्चा आहे किंवा पिपेट बिघडलेली. तीच पिपेट दुसऱ्या कोणाला वापरायला द्या, दोन्हीतलं काय ते कळतं. आणि टिपमध्ये, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या टोकात, द्रव असताना पिपेट आडवी ठेवू नका, द्रव आत दांड्यात शिरतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मला मॅग्नेशियम क्लोराइडचं एक मोलर द्रावण (लिटरभरात रेणुभाराइतके ग्रॅम) करायला सांगितलं होतं, १०० मिलिलिटर. मी पुस्तकातला रेणुभार घेतला, ९५.२, आणि ९.५२ ग्रॅम तोलून मोकळी झाले. बाटलीवर मात्र ‘हेक्साहायड्रेट’ लिहिलेलं, म्हणजे प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सहा रेणू. त्याचा रेणुभार २०३.३. म्हणजे माझं द्रावण ठरल्याच्या निम्म्याहूनही पातळ. तिसऱ्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं आणि मी गप्प बसले. तोवर बाटली सगळ्यांच्या हातात गेली होती. पुढचे दोन आठवडे ते द्रावण घालून केलेला प्रत्येकाचा पीसीआर (एन्झाइम वापरून डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) फिका येत होता आणि आमची सीनियर ताई एन्झाइमला शिव्या देत होती. शेवटी रडतच तिच्याकडे गेले. ती म्हणाली, ‘अगं, तेव्हाच बोलली असतीस तर बाटली ओतून दिली असती. संपलं असतं.’ तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये रेणुभार पुस्तकातून नाही, हातातल्या बाटलीवरून घ्यायचा.

जेलवर काहीच दिसत नाही

पीसीआर झाला की डीएनए जेलच्या थरातून विजेने पळवून त्याचे पट्टे बघायचे असतात, त्यामुळे हे वाक्य जूनमध्ये रोज कानावर येतं. घाबरून सगळं पुन्हा लावू नका, क्रमाने बघा.

लॅडरसुद्धा (मापासाठी लावलेले ठाऊक आकाराच्या डीएनएचे पट्टे) दिसत नाही? मग तुमच्या पीसीआरचा दोष नाही, घोटाळा जेलमध्ये आहे. रंग घालायचा राहिला असेल, जेल बफरऐवजी (वीज वाहून नेणारं क्षारांचं द्रावण) नुसत्या पाण्यात बनवलं असेल, किंवा तारा उलट लावल्या असतील. डीएनएवर ऋण भार असतो, तो लाल, म्हणजे धन टोकाकडे पळतो. उलट लावलं तर तो विहिरीतून (जेलमधला नमुना घालायचा खड्डा) मागच्या मागे बफरमध्ये उतरतो. सुरू केल्यावर तारेपाशी बारीक बुडबुडे येताहेत ना, हे वाकून बघायची सवय लावा. बुडबुडे नाहीत तर करंट नाही.

लॅडर आहे, पण पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात पट्टा यायलाच हवा असा नमुना) नाही? आता पीसीआरकडे वळा. काहीतरी घालायचं राहिलंय किंवा तापमान चुकलंय. ट्यूबमध्ये एकेक घटक टाकला की यादीत टिक करायची, इतका साधा उपाय. पॉझिटिव्ह आहे आणि फक्त तुमचा नमुना कोरा? मग नमुन्यातला डीएनए तपासा. आणि ज्यात डीएनए घातलाच नव्हता त्या निगेटिव्ह कंट्रोलमध्येही पट्टा आला, तर कुठेतरी भेसळ आहे. त्या दिवशीचे सगळे निकाल बाजूला ठेवायचे, कितीही सुंदर दिसत असले तरी. कंट्रोल न लावताच जेल चालवलं असेल तर यातलं काहीच ओळखता येत नाही आणि दिवस गेला तो गेलाच.

वही, लेबल आणि n

ट्यूबवर ‘१, २, ३’ लिहिणारी मुलं संध्याकाळी हुशार असतात, सकाळी भोळी. तारीख, आद्याक्षरं, आत काय ते लिहा, झाकणावर आणि अंगावरही. साध्या मार्करची शाई अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसली जाते आणि लॅबमध्ये सगळ्यावर ७० टक्के अल्कोहोल उडत असतं. त्यामुळे मार्कर तेवढा चांगला मागून घ्या.

वही पेनाने लिहायची, त्याच दिवशी. चुकलं तर एक रेघ मारायची, पान फाडायचं नाही. टिश्यू पेपरवर आकडे लिहून ‘नंतर उतरवते’ म्हणणारीचा टिश्यू पेपर आमच्याकडे एकदा कचऱ्यात गेला, सोबत तिचा आठवडाही.

पोस्टर करताना बहुतेक जण एका ठिकाणी पकडले जातात. एकाच पेशंटचा नमुना प्लेटच्या तीन विहिरींत (खळग्यांत) लावला म्हणजे n, म्हणजे किती पेशंट तपासले तो आकडा, तीन होत नाही. तो एकच पेशंट, तीन वेळा मोजलेला. तीन विहिरींवरून तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं, आजाराबद्दल काही कळत नाही.

बाकी किरकोळ: सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवायचं यंत्र) समोरासमोर सारख्या वजनाची ट्यूब हवी. हातमोजे घालून दाराची मूठ किंवा मोबाइल धरायचा नाही. सुया-ब्लेड पांढऱ्या टणक डब्यात, वापरलेले हातमोजे लाल पिशवीत. पेशंटचं नाव असलेल्या ट्यूबचा फोटो इन्स्टावर टाकलात तर तुमच्यासोबत तुमचा गाइडही अडचणीत येतो.

शेवटचा आठवडा

निरोपाच्या केकआधी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधल्या तुमच्या डब्याची यादी करा: कोणत्या खणात, कोणत्या घरात, काय, किती. एक प्रत डब्यावर चिकटवा, एक वहीत लावा. मूळ वही लॅबचीच असते, ती तिथेच ठेवायची. विचारून झेरॉक्स घ्या. जी ट्यूब कसली ते तुम्हालाच आठवत नाही, ती जायच्या आधी ताईला दाखवा.