टर्बोजवळ काळं दिसतंय? आधी लीक शोधा, मग टर्बोचं बघू

डिझेल गाडीचं बॉनेट उघडलं आणि टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) आजूबाजूला काळं दिसलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "साहेब, टर्बो गेला." थांबा जरा. काजळी बहुतेक वेळा टर्बो फुटून नाही, तर त्याच्या आगेमागे जे जॉइंट आहेत तिथून येते, आणि पॅकिंगचा (जॉइंटमधल्या गॅस्केटचा) खर्च आणि नवीन टर्बोचा खर्च यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

आधी ते काळं नेमकं कसलं आहे ते बघा. इंजिन पूर्ण गार असताना बोट फिरवा. कोरडं, भुरभुरीत असेल तर एक्झॉस्टची काजळी. तेलकट चिकट असेल आणि इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा गार करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी होजच्या क्लॅम्पपाशी असेल तर ते हवेच्या बाजूचं लीक, त्याचा इलाज वेगळा. आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं घट्ट बसलेलं असेल तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेलाय, टर्बोचा काही संबंध नाही.

आता आवाज. सकाळी पहिल्या स्टार्टला टिकटिक किंवा फसफस येते, रेस केली की वाढते आणि गाडी गरम झाली की कमी होते, कारण धातू फुगून फट थोडी बुजते. म्हणून गॅरेजला गाडी नेली की आवाज गायब आणि मेकॅनिक म्हणतो काही नाहीये, गाडी रात्री तिथेच ठेवा म्हणजे सकाळी त्याला ऐकू येईल. वासाचं म्हणाल तर पुण्यात कर्वे रोडच्या सिग्नलला एसीतून धुराचा वास आला तर तो पुढच्या टेम्पोचा असं समजून लोक महिनोन्महिने काढतात. मोकळ्या मैदानात गाडी चालू ठेवून बाहेरची हवा घेणारा मोड लावा, तिथेही वास आला तर धूर तुमच्याच गाडीचा. हे हलक्यात घेऊ नका, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. आणि सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हा उद्योग अजिबात करायचा नाही.

शोधायची माझी आवडती पद्धत बिनखर्चाची आहे. गार इंजिनवर हीट शील्ड (टर्बोवरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं झाकण) काढा, मास्क आणि हातमोजे घालून सगळी काजळी ओल्या फडक्याने पुसा (ब्रशने झटकू नका, नाकात जाते), शील्ड परत लावा आणि कात्रजच्या जुन्या घाटातून एक चक्कर मारून या. चढाला लोड येतो, मॅनिफोल्डमधलं (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा पाइप) प्रेशर वाढतं, मग आयडलला न दिसणारं लीकही ठसा सोडतं. गाडी गार होऊ द्या, घाई केली तर हात भाजेल, टर्बोचं गरम हाउसिंग शेकडो डिग्रीला गेलेलं असतं. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. इथे एक गोष्ट लोक चुकतात, जिथे काळं सगळ्यात जास्त तिथे लीक असेलच असं नाही, कारण वायू फटीतून जोरात सुटतो आणि समोर जे असेल त्यावर काजळी बसवतो. डाग एका टोकाला बारीक आणि पुढे पसरत गेलेला दिसेल, बारीक टोकाकडे जा.

क्रमाने बघायच्या जागा म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डमधलं पॅकिंग, मॅनिफोल्ड आणि टर्बोमधलं, टर्बो आणि डाउनपाइपमधलं (टर्बोतून खाली सायलेन्सरकडे जाणारा पाइप) पॅकिंग किंवा क्लॅम्प, ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) पाइप, आणि खाली जाळीचा फ्लेक्सिबल पाइप. वेस्टगेटच्या (टर्बोचा जादा धूर वळवणारी झडप) दांड्याच्या बुशपाशी थोडं काळं असतंच, त्यावरून टर्बो बदलू नका. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस6 डिझेल गाड्यांना साधारणपणे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्यामुळे सायलेन्सरचं टोक स्वच्छ, पीयूसी पास आणि पुढे बॉनेटखाली मात्र काजळी, असंही होतं.

तरी नाही सापडलं तर व्हॅक्यूम क्लीनरची ब्लोअर बाजू सायलेन्सरला लावा, आजूबाजूची फट जुन्या कपड्याने बुजवा आणि गार जॉइंटवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की झालं. हे इंजिन बंद ठेवूनच.

लीक सापडलं की जॉइंट खोलायचा, त्याआधी जुने स्टड (नट बसतो ते आट्यांचे दांडे) आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवून ठेवा, नाहीतर खोलताना तुटतात आणि मग हेडमधून तुकडा काढणं हे मूळ कामापेक्षा मोठं होऊन बसतं. पॅकिंग आणि नट नवीनच घ्या, नाना पेठेत गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं की मिळतात. खोललेल्या मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून खालच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, वाकलेला असेल तर नवीन पॅकिंगही टिकणार नाही, भोसरीत फेस ग्राइंड करून (बसायची बाजू घासून सपाट करून) घ्या. साधा सिलिकॉन मात्र लावू नका, तिथल्या उष्णतेत तो जळून जातो. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) आवळा. पहिल्या चकरेला बॉनेटखालून थोडा धूर येईल, तो सांडलेल्या तेलाचा, पण दोनचार दिवसांनीही येत राहिला तर परत टॉर्च काढा.