अनिवार्य सत्याचा दावा कसा तपासावा

एखादे मत त्रिकालाबाधित सत्य म्हणून समोर येते, तेव्हा आधी ते एका नेमक्या वाक्यात लिहून काढावे आणि मग दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: याची मला खात्री आहे का, आणि हे अन्यथा असणे शक्य होते का? पहिला प्रश्न जाणणाऱ्याविषयी आहे, तर दुसरा विधानाविषयी; जे अन्यथा असूच शकत नाही, ते अनिवार्य. या दोहोंची गल्लत झाली की पुढची सारी चर्चा भरकटते, म्हणून येथे घाई करू नये.

'मी आहे' हे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे विधान घ्या. संशय घ्यायलाही संशय घेणारा लागतो, त्यामुळे त्याविषयी शंका उरत नाही. तरीही मी जन्मालाच आलो नसतो, हे सहज शक्य होते. विधान निश्चित आहे, पण अनिवार्य नाही. याउलट, २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गणितज्ञ गोल्डबाखचा १७४२ पासूनचा तर्क खरा असेल तर तो अनिवार्यपणेच खरा असेल, पण त्याची सिद्धता अजून कोणाला देता आलेली नाही.

अनिवार्यता पारखण्यासाठी विधान नाकारून पाहावे आणि नकारातून व्याघात, म्हणजे स्वतःशीच विसंगती, निघतो का, ते पाहावे. नकार केवळ विचित्र वाटतो, एवढ्यावर समाधान मानू नये. युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे गृहीतक (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते) शतकानुशतके अटळ वाटत आले होते; लोबाचेव्हस्की आणि बोल्याई या गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकात ते नाकारून वेगळी भूमिती उभी केली, आणि युक्लिडची भूमिती सुसंगत असेल तर हीदेखील सुसंगत आहे, हे पुढे सिद्ध झाले.

धार्मिक दाव्यांत अनिवार्यता विधानाला लावली आहे की अस्तित्वाला, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मध्ययुगीन मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सीनाचा ईश्वर अनिवार्य आहे, कारण त्याचे असणे दुसऱ्या कशावरही अवलंबून नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अॅन्सेल्म ईश्वराच्या संकल्पनेतूनच त्याचे अस्तित्व काढतो. त्यावर अस्तित्वामुळे संकल्पनेत काहीच भर पडत नाही, हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा आक्षेप अवश्य लावून पाहावा. अद्वैतात कसोटीच निराळी आहे: दोरीवर भासलेला साप दोरीच्या ज्ञानाने बाधित होतो, म्हणजे खोटा ठरतो, आणि ज्याचा कोणत्याही ज्ञानाने कधीच बाध होत नाही ते परमार्थतः सत्य. तेथे व्याघाताची कसोटी आधी लावणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येक परंपरेचा दावा प्रथम तिच्याच कसोटीवर घासावा.

अनिवार्य अस्तित्व सिद्ध झाले असे मानले, तरी ते दयाळू आहे किंवा एखाद्या ग्रंथातून बोलले आहे, यासाठी स्वतंत्र प्रमाण मागावे.