बिल्डर म्हणतो फ्लॅट बदलून घ्या: सहीआधी काय काय तयार ठेवायचं

"बी विंगचं काम अडकलंय. डी विंगमध्ये एक मजला वरचा देतो, त्याच भावात." हा फोन आला आणि आम्ही दोघांनी आठ दिवसांत सह्या करून टाकल्या. वरचा मजला, वारा छान वगैरे. नंतर डोक्याला हात लावून बसलो. तुमच्यावर ही वेळ आली तर निदान एवढं करा.

फोनवर हो म्हणू नका. सेल्सवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरत नाही, प्रस्ताव कंपनीच्या ईमेलवरून मागवा. आणि घाबरू नका. ॲग्रीमेंट रजिस्टर झालेलं असेल तर बिल्डरला ते मनात येईल तेव्हा रद्द करता येत नाही, रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या नियमनाच्या कायद्याच्या कलम ११ मध्ये ते आहे. ताबा रखडला असेल तर कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासकट परत मागता येतात, किंवा घरच हवं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. महाराष्ट्रात त्याचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जव्याजाचा आधारदर) अधिक २ टक्के. बोलणी करायच्या आधी हा हिशेब वहीत मांडा. आपण काय सोडतोय ते कळायला हवं.

आता तारीख. जुन्या ॲग्रीमेंटमधली ताब्याची तारीख. आम्ही विसरलो ते हेच. एकाच प्रकल्पातल्या इमारतींची महारेराकडची (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडची) नोंदणी वेगवेगळी असू शकते आणि प्रत्येकीची पूर्ण होण्याची तारीखही वेगळी. आमच्या जुन्या करारात डिसेंबर २०२१ होतं, नव्यात जून २०२४ छापून आलं, आणि आम्ही मात्र कार्पेट एरिया मोजत बसलो. चावी मिळाली जानेवारी २०२५ मध्ये. बिल्डरकडे व्याजाचं काढलं तर उत्तर आलं, "सात महिन्यांचं बोला." आधीची अडीच वर्षं आम्हीच सही करून सोडली होती.

म्हणून नव्या करारात स्पष्ट लिहून घ्या: हा फ्लॅट अमुक नंबरच्या फ्लॅटच्या बदल्यात आहे आणि उशिराचं व्याज जुन्या तारखेपासूनच धरलं जाईल. बिल्डर नाही म्हणाला तर झालेलं व्याज उरलेल्या हप्त्यांतून आत्ताच वजा करून मागा. "खरेदीदाराचा कोणताही दावा शिल्लक नाही" असं वाक्य कुठे लपलंय तेही शोधा. आमच्या बाबतीत ते रद्दलेखात, म्हणजे जुना करार रद्द करणाऱ्या दस्तात होतं, तिसऱ्या पानावर.

नवा फ्लॅट तपासायचा, हे सांगायला नको. तरी महारेराच्या साइटवर त्या विंगचा मंजूर नकाशा बघा, इंडेक्स दोनचा (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या उताऱ्याचा) सर्च घेऊन तो फ्लॅट आधीच कुणाच्या नावावर नाही ना ते पाहा. प्रकल्प गहाण असेल तर त्या नंबरच्या फ्लॅटसाठी कर्ज देणाऱ्याची एनओसी घ्या. पार्किंग तोंडी नको, नंबरासकट करारात.

रद्दलेख आणि नवा करार एकाच दिवशी, एकापाठोपाठ रजिस्टर करा. "आधी कॅन्सल करू, नवा पुढच्या आठवड्यात" याला अजिबात मान डोलावू नका. मधल्या आठवड्यात तुमच्या हातात पावत्यांशिवाय काही नसतं. नवी स्टॅम्प ड्युटी कोण भरणार ते लेखी घ्या. आमच्याकडे पिंपरी-चिंचवडला ती ७ टक्के, म्हणजे ६० लाखांवर ४ लाख २० हजार. जुनीच्या परताव्याचा अर्ज रद्दलेख नोंदवल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो. नोंदणी फी गेली ती गेली. "चूक दुरुस्ती पत्रावर भागवू", म्हणजे नवा करार न करता जुन्यातच बदल करू, असं बिल्डर म्हणाला तर आपल्या वकिलाला विचारा, त्याच्या नव्हे.

कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी, कारण गहाण जुना फ्लॅट आहे. जुन्या पावत्या तारखेसकट नव्या करारात जमा दाखवून घ्या. टीडीएस (बिल्डरच्या पैशांतून कापून भरलेला आयकर) कापला असेल तर त्याच्या फॉर्मवर जुन्या फ्लॅटचा पत्ता आहे, सीएला सांगा.

बाकी आधार, पॅन, साक्षीदार, नेहमीचंच. ड्राफ्ट आठवडाभर आधी मागा. आणि तो आला की फ्लॅटचा नंबर नंतर बघा, आधी ताब्याची तारीख.