देवाने सोडून दिले असे वाटते, तेव्हा प्रार्थना कशी करावी

आजारपण लांबत जाते, नोकरी सुटते, घरातले माणूस अकाली जाते, किंवा बाहेर काहीच न घडता मन आतून कोरडे पडते, आणि ज्या देवाशी आपण वर्षानुवर्षे बोलत आलो तो ऐकतच नाही असे वाटू लागते. अशा वेळी ख्रिस्ती माणसाला दुहेरी दुःख भोगावे लागते. एक त्या संकटाचे, आणि दुसरे आपलाच विश्वास तोकडा पडला या अपराधी भावनेचे. मंडळीतले कोणी 'विश्वास ठेवा, सर्व ठीक होईल' म्हणाले की हे दुसरे दुःख अधिकच वाढते. पण देवाविषयीची तक्रार देवाकडेच घेऊन जाणे ही प्रार्थनाच आहे. पवित्र शास्त्रात तिचे शब्द आहेत, तिची रीत आहे, आणि ती रीत शिकता येते.

सुरुवात वधस्तंभापाशी करावी. येशूचे चरित्र सांगणारे शुभवर्तमानकार मत्तय आणि मार्क सांगतात की दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला आणि त्यानंतर येशू मोठ्याने ओरडला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे शब्द स्तोत्रसंहितेतील, म्हणजे बायबलमधील प्रार्थनागीतांच्या संग्रहातील, बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीचे आहेत. त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, म्हणून येशूला खरोखर एकाकी वाटलेच नव्हते, असे काही उपदेशक सांगतात. मला हे स्पष्टीकरण घाईचे वाटते. शुभवर्तमानकारांनी तो आक्रोश मऊ न करता जसाच्या तसा ठेवला आहे, आणि आपणही तो तसाच ऐकावा. ज्याला आपण देवाचा पुत्र मानतो त्याच्या तोंडी हे वाक्य आले, तेव्हा ते तुमच्या तोंडी आल्याने तुम्ही विश्वासातून ढळलात असे होत नाही. शिवाय त्या आक्रोशातही तो 'माझ्या देवा' असेच म्हणतो. पाठ फिरवून नव्हे, तर देवाकडे तोंड करून तो प्रश्न विचारतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतले तेरावे स्तोत्र नवशिक्यासाठी उत्तम, कारण ते अवघ्या सहा वचनांचे आहे. ते एकांतात मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचताना आपण कठीण शब्दांवरून सहज घसरून जातो. त्यात आधी तक्रार येते. 'किती काळ?' हा प्रश्न स्तोत्रकर्ता चार वेळा विचारतो, आणि 'तू मला कायमचा विसरणार काय?' असे थेट देवालाच विचारतो. मग मागणे येते: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. शेवटी, परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही न सांगता, तो देवाच्या दयेवर भरवसा असल्याचे म्हणतो.

याच क्रमाने स्वतःची प्रार्थना एका वहीत लिहून काढावी. तक्रार लिहिताना मोघम राहू नये. 'प्रभू, मी दुःखी आहे' एवढ्याने भागत नाही. 'मुलाच्या तापासाठी मी रात्रभर गुडघे टेकले आणि सकाळी ताप वाढलेला होता, त्या रात्री तू कुठे होतास?' असे जे घडले ते लिहावे. राग असेल तर तोही लिहावा. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात तर 'जागा हो, तू का झोपला आहेस?' असे देवाला विचारले आहे. मागणेही तितकेच नेमके असावे. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' हे वाक्य खरे आहे, पण अटकेच्या आदल्या क्षणी गेथशेमाने बागेत येशूने ते म्हटले ते 'हा प्याला माझ्यापासून टळून जावो' असे मागितल्यानंतर. मागणे गिळून टाकून थेट समर्पणावर उडी मारली, तर ते समर्पण बहुधा वरवरचेच राहते.

तिसरा भाग, म्हणजे भरवसा, जमेल तेवढाच लिहावा. पूर्वी देवाने केलेली एखादी गोष्ट आठवत असेल तर ती नोंदवावी. काहीच आठवत नसेल तर तो भाग कोरा ठेवावा आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडावे. त्यात आरंभी देवाला तारणारा म्हटले आहे, पण शेवट अंधारातच होतो. दिलाशाचे एकही वाक्य तिथे येत नाही. ते स्तोत्र वगळावे किंवा त्याला एखादी आशेची ओळ जोडावी, असे ज्यांनी ही स्तोत्रे जपली त्यांना वाटले नाही. तुमची प्रार्थनाही अंधारात संपली तर संपू द्यावी. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तिथूनच बोलायला बसावे.

कधीकधी लिहायलाही शब्द उरत नाहीत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणून अशा दिवसांत इतरांचे शब्द उसने घ्यायला संकोच करू नये. प्रभूची प्रार्थना, उपासनेतले एखादे जुने गीत, कॅथलिक घरांत रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना), यांतले जे ओठांवर बसलेले असेल ते म्हणावे. भावना सोबत आली नाही तरी चालेल. आपल्या हाती ही स्तोत्रे मराठीत ठेवणाऱ्यांत पंडिता रमाबाईही आहेत, याचे मला फार मोल वाटते. आईवडील दुष्काळाच्या काळात गेले, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेले, आणि एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही.

'मी असे काय पाप केले?' हा प्रश्न अशा काळात छळतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य हाच प्रश्न विचारतात, आणि याने किंवा याच्या आईबापांनी पाप केले म्हणून हे झालेले नाही, असे येशू स्पष्ट सांगतो. मनाला खरोखर टोचणारी एखादी गोष्ट असेल तर ती देवापुढे, हवे तर पाळकांपुढे किंवा धर्मगुरूंपुढे, एकदा कबूल करावी आणि तिथेच सोडावी. जुनी पापे रोज उकरून काढणे हा पश्चात्ताप नव्हे.

शरीराकडे दुर्लक्ष करू नये. जुन्या करारातला संदेष्टा एलीया अरण्यात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत भाकर आणि पाणी देतो, एलीया झोपतो, आणि देवदूत त्याला पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगरावरचे देवाशी झालेले संभाषण त्यानंतरचे. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, कशातच रस उरला नसेल आणि हे काही आठवडे चालू असेल, तर डॉक्टरांकडे जावे. नैराश्यावरची गोळी घेणे म्हणजे विश्वासाचा पराभव नव्हे. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

ही अवस्था किती टिकेल याचा हिशेब मांडू नये. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की देवाच्या अनुपस्थितीची जाणीव त्यांना कित्येक दशके छळत होती. त्या काळातही त्यांची रोजची प्रार्थना आणि मरणासन्न माणसांची सेवा थांबली नव्हती. देव जवळ असल्याचे जाणवणे हे दान आहे. ते मिळाले नाही म्हणून विश्वास खोटा ठरत नाही.

आणि हे वाचणारे तुम्ही स्वतः दुःखात नसून दुःखी माणसाच्या जवळचे असाल, तर बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडे पाहा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे सर्व योग्य होते. बोलू लागल्यावर त्यांनी देवाची बाजू मांडली, आणि शेवटी देवच त्यांना म्हणाला की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. म्हणून स्पष्टीकरण देऊ नये. दफनविधीला सारे येतातच, पण तुम्ही महिन्याभराने, इतरांचे येणे थांबल्यावर जा. जेवणाचा डबा न्या, आणि त्या माणसाची इच्छा असेल तर तेरावे स्तोत्र त्याच्यासोबत मोठ्याने वाचा. त्याला वाचवत नसेल तर त्याच्या वतीने तुम्ही वाचा.