हनिमूनची आखणी फेरीबोटीपासून करा

बेकियासारख्या छोट्या कॅरिबियन बेटावर जाताना घोळ होतो तो शेवटच्या टप्प्यात. मोठं विमान शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटाच्या आर्गाईल विमानतळावर उशिरा उतरतं आणि तोवर तिथल्या किंग्सटाऊन बंदरातून बेकियाची शेवटची बोट सुटलेली असते. म्हणून उलटीकडून ठरवा.

१. आधी फेरीचं वेळापत्रक बघा. प्रवास साधारण तासाभराचा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी.

२. पहिली रात्र किंग्सटाऊनजवळ साध्या खोलीत काढा, सकाळच्या बोटीने निघा. परतीचीही शेवटची रात्र तिथेच ठेवा. महागडी खोली मधल्या दिवसांसाठी, कारण थकून झोपायला समुद्र दिसणारी खिडकी कशाला!

३. बेकियावर पहिल्या दिवशी काहीच बुक करू नका. बोट लागते त्या पोर्ट एलिझाबेथहून बेलमाँटच्या किनाऱ्यालगतच्या पायवाटेने प्रिन्सेस मार्गारेट बीचपर्यंत दोघांनी रमतगमत जावं, एवढं पुरे.

भाव विचारताना डॉलर कुठला तेही विचारा. १ अमेरिकन डॉलर म्हणजे २.७० ईस्टर्न कॅरिबियन डॉलर.

एक मात्र सांभाळा: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. तिकीट त्याआधी काढू नका.