लिथुआनियन 'योनस' नावाचा अर्थ कसा शोधायचा

बास्केटबॉल बघणाऱ्यांना लिथुआनियाचा खेळाडू योनस वालान्चूनस माहीत असेलच. आता या 'योनस'चा अर्थ काय? नेटवर पटकन उत्तर मिळतं 'कबुतर', कारण हिब्रूत योना म्हणजे कबुतर, आणि हे नाव बायबलमधल्या, माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या योना संदेष्ट्याचं धरलं जातं. जर्मन किंवा स्वीडिश माणसाचं नाव असेल तर बरोबर आहे, पण लिथुआनियन माणसासाठी हे साफ चूक आहे आणि मला ते दुरुस्त करावंसं वाटतं, कारण खरा अर्थ फार सुंदर आहे.

आधी उच्चार बघा, स्पेलिंगमधल्या जे ला ज नाही य म्हणायचं. मग शेवटचा 'अस' बाजूला काढा. तो नावाचा भाग नाही, पुल्लिंगी प्रत्यय आहे, आपल्या रामः मधल्या विसर्गाचा सख्खा भाऊच (देवः ला तिकडे 'दिएवस' म्हणतात!). हाक मारताना तो बदलतोही, योनसला 'योनाय' अशी हाक मारतात. तोमस, लुकस, मतस सगळ्यांचं असंच.

आता मराठी बायबल उघडा. आपल्याकडे योहान आणि योना वेगळे आहेत ना, तसेच लिथुआनियन बायबलातही आहेत. तिथे संदेष्टा नुसता 'योना', आणि शुभवर्तमान लिहिणारा योहान म्हणजे 'योनस'. मूळ हिब्रू योहानान, म्हणजे 'परमेश्वराने कृपा केली'. ग्रीक-लॅटिनमधून फिरताना मधला ह गळला, आणि १३८७ मध्ये लिथुआनियाने ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा नाव आलं ते असं ह नसलेलंच. हेच नाव बाप्तिस्मा करणाऱ्या दुसऱ्या योहानाचंही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात त्याच्या जन्माची गोष्ट आहे: म्हाताऱ्या अलीशिबेला मूल होतं आणि मुका झालेला तिचा नवरा जखऱ्या पाटीवर लिहितो की याचं नाव योहान, तो प्रसंग वाचला की अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

तरी खात्री हवी असेल तर कॅलेंडर बघा. २४ जूनला लिथुआनियात 'योनिनेस' म्हणजे योनसचा सण, चक्क सरकारी सुट्टी, रात्रभर शेकोट्या, डोक्यावर फुलापानांचे मुकुट, आणि योनस नावाच्या माणसाच्या दारावर ओकच्या पानांची माळ. त्याच दिवशी गोव्यात सांजांव हा सण असतो, लोक डोक्यावर कोपेल म्हणजे फुलापानांचा मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. संत तोच, बाप्तिस्मा करणारा योहान.