ड्रममध्ये १०० लिटरची खूण नेमकी कुठे?

जीवामृतासाठी किंवा फवारणीसाठी ड्रम वापरता आणि त्यावर लिटरच्या खुणा नाहीत? बादल्या मोजत बसू नका. दहावीतलं सूत्र आहेच: वृत्तचितीचं घनफळ = π × त्रिज्या × त्रिज्या × उंची. आपल्याला उंची हवी, म्हणून घनफळाला तळाच्या क्षेत्रफळाने भागायचं.

ड्रमचा मध्यबिंदू शोधून त्रिज्या मोजणं कटकटीचं. त्यापेक्षा बाहेरून सुतळी गुंडाळा. समजा घेर १७९ सेंमी भरला. भागिले ३.१४, म्हणजे व्यास ५७. भिंत अर्धा सेंमी जाड असेल तर दोन्ही बाजूंची मिळून १ सेंमी वजा. आतला व्यास ५६, त्रिज्या २८. तळाचं क्षेत्रफळ २२/७ × २८ × २८ = २४६४ चौ. सेंमी.

आता लिटरचे घन सेंमी करा: १ लिटर म्हणजे १०००. १०० लिटरचे १,००,००० झाले. भागिले २४६४, उंची साधारण ४०.६ सेंमी. दर १० लिटरला ४ सेंमीहून किंचित जास्त. आतून पट्टी लावून मार्करने रेघा ओढा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो त्रिज्येच्या जागी व्यास घालण्याचा (शाळेत माझे गुण इथेच जायचे). मग उत्तर थेट चौथाई येतं, १० सेंमीच्या आसपास. तळ फुगीर असेल तर आधी १० लिटर मोजून ओता, पाण्याच्या पातळीवर रेघ मारा आणि पुढच्या खुणा तिथून वर मोजा.